बोर्दोची लाल वाइन ओकच्या पिंपात कशी मुरते: द्राक्षापासून पेल्यापर्यंत

पिंपातली वाइन दर आठवड्याला थोडी कमी होते. थोडी लाकूड पिऊन घेतं, थोडी लाकडातूनच उडून जाते, आणि बुचाखाली बोटभर पोकळी तयार होते. ती पोकळी भरून काढायला माणूस लागतो. फ्रान्समधल्या बोर्दोजवळच्या मेदोक भागात मी एक हंगाम आणि त्यामागचा हिवाळा काढला. सप्टेंबरची तोडणी ते एप्रिलच्या चवी, एवढ्या काळात माझ्या वाट्याला मुख्यतः हेच काम होतं: नळीची झारी घेऊन रांगेतलं एकेक पिंप काठोकाठ भरायचं. तेव्हा ते कंटाळवाणं वाटायचं. आता नाशिकला वायनरीत काम करताना पाहुणे पेल्यात नाक घालून "यात ओक लागतोय का?" असं विचारतात, तेव्हा मला ती झारी आठवते.

या वाइनमध्ये लाकडाचा वास येतो हे खरंच आहे. पण ती पिंपात घालतात ती मुरण्यासाठी. लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो, त्याच अर्थाने. हे एकदा लक्षात आलं की पुढची प्रत्येक पायरी तशीच का आहे ते आपोआप कळतं. म्हणून हा लेख थोडा सविस्तर लिहितोय. वायनरीत नव्याने लागलेल्यांना तो उपयोगी पडावा, आणि कधीतरी घरी बोर्दोची बाटली उघडणाऱ्यांनाही.

जमीन आणि जाती

गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या बोर्दो शहराच्या खाली एकत्र येतात आणि जिरोंद नावाची रुंद खाडी होऊन अटलांटिकला मिळतात. समुद्राकडे तोंड केलं की डाव्या हाताला मेदोक. मार्गो, सँ-ज्युलियाँ, पोयाक, सँतेस्तेफ ही नावं बाटल्यांवर वाचतो, ती सगळी याच पट्ट्यातली गावं. पूर्वी इथे दलदल होती. सतराव्या शतकात डच लोकांनी चर खणून तिचं पाणी काढलं, आणि खाली दडलेले वाळू-गोट्यांचे उंचवटे मोकळे झाले. हे गोटे पाणी धरून ठेवत नाहीत आणि दिवसाची ऊब रात्री परत देतात. उशिरा पिकणाऱ्या कॅबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षजातीला नेमकं तेच हवं असतं. उजव्या काठावर, सँतेमिल्यों आणि पोमेरोलकडे, चिकणमाती आणि चुनखडी जास्त. तिथे लवकर पिकणाऱ्या मर्लोचं राज्य.

मेदोकची वाइन जवळजवळ नेहमी मिश्रण असते. कॅबर्ने सोव्हिन्यों कणा देते: रंग, तुरटपणा, टिकाऊपणा. मर्लो अंगावर मांस चढवते. कॅबर्ने फ्रां सुगंध देते, आणि पती व्हेर्दो चिमूटभर घातली तरी रंग आणि मसालेदारपणा जाणवतो. कॅबर्ने सोव्हिन्यों ही कॅबर्ने फ्रां आणि पांढऱ्या सोव्हिन्यों ब्लां यांच्या आपसूक झालेल्या संकरातून आली, हे १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात डीएनए तपासून सिद्ध झालं. दाणे लहान, साल जाड, बिया मोठ्या. म्हणजे रसाच्या मानाने साल आणि बी भरपूर, आणि तुरटपणा सगळा साली-बियांतच असतो. पिंपात दीड वर्ष मुरण्याची ताकद या जातीत येते ती इथून.

तोडणी कधी करायची

मर्लो साधारण सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, कॅबर्ने त्यानंतर, कधी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. आपल्याकडे नाशिकला वाइनची द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात, कारण आपण पावसाळा संपताना छाटणी करून वेलाला हिवाळ्यात पिकवतो. तिथे वेल हिवाळ्यात झोपलेला असतो आणि पिकण्याची शर्यत शरदातल्या पावसाशी असते.

साखर मोजणं सोपं आहे. रसात लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर असली की आंबल्यावर १ टक्का अल्कोहोल मिळतं, म्हणजे २२० ग्रॅम असेल तर जवळपास १३ टक्के. पण केवळ साखरेवर तोडणी ठरवली तर फसगत होते. दाणा तोंडात घ्यावा, रस गिळून टाकावा आणि साल दाढेखाली सावकाश चावावी. आधी गवतासारखी, मग कोरडी, मग जांभळासारखी चव लागली पाहिजे. बी फोडून बघावी: आतून हिरवी असेल तर थांबायचं, तपकिरी होऊन भाजलेल्या शेंगदाण्यासारखी कुटकन तुटली तर हरकत नाही.

कॅबर्नेच्या कुळात पायराझिन नावाचा एक पदार्थ असतो. त्याला अगदी ढोबळी मिरचीचा वास येतो. पिकताना ऊन मिळालं की तो कमी होतो. कच्च्या फळात तो राहिला तर पुढे कितीही महाग लाकूड वापरा, मिरचीवर व्हॅनिला ओतल्यासारखं लागतं. पिंपाने कच्चं फळ पिकत नाही, हे मी तिथे पहिल्या आठवड्यात ऐकलं आणि नाशिकला दोन हंगामांत स्वतःच्या जिभेने पटवून घेतलं.

आंबवण

घड आले की देठ वेगळे करतात, सडके-हिरवे दाणे पट्ट्यावर निवडून काढतात, आणि बाकीचे हलके फोडून टाकीत घालतात. रसाला अजून रंग नसतो. काळ्या द्राक्षाचा गर पांढुरका असतो, रंग फक्त सालीत. म्हणून साली रसात भिजवत ठेवूनच आंबवायचं.

यीस्ट कामाला लागलं की टाकी तापते, वायू सुटतो आणि साली वर येऊन जाड टोपी बनते. ही टोपी सुकली तर आंबते आणि सगळ्या टाकीला व्हिनेगरचा वास लागतो. म्हणून दिवसातून एक-दोनदा खालचा रस पंपाने वर आणून टोपीवर सोडायचा. फ्रेंचमध्ये याला रमोंताज म्हणतात. तापमान २६ ते ३० अंशांत ठेवायचं. त्यापेक्षा थंड असेल तर सालीतून पुरेसं उतरत नाही, फार गरम झालं तर यीस्ट गळपटतं आणि साखर उरते.

साखर संपायला आठ-दहा दिवस लागतात. मेदोकमध्ये त्यानंतरही वाइन सालींवरच ठेवतात, एकूण तीन आठवडे किंवा जास्त. या दिवसांत रोज सकाळी चाखणं हेच काम. सुरुवातीला रंग सुटतो, अल्कोहोल वाढलं की बियांमधला तुरटपणा सुटू लागतो. तो हिरव्या सुपारीसारखा बोचायला लागायच्या आत वाइन खालून काढून घ्यायची. मागे उरलेला चोथा दाबला की दाबाची वाइन मिळते. ती गडद आणि खरखरीत असते. ती वेगळी ठेवतात आणि मिश्रणाच्या वेळी लागेल तेवढीच वापरतात.

यानंतर दुसरी आंबवण होते, ती जिवाणूंची. सफरचंदात असतं ते मॅलिक आम्ल दह्यातल्या लॅक्टिक आम्लात बदलतं आणि वाइनची धार मवाळ होते. एकेकाळी हे आपोआप, कधी पुढच्या वसंतात, कधी अर्धवट व्हायचं. ते मुद्दाम आणि वेळेवर घडवून आणायला बोर्दोच्या द्राक्षउत्पादकांना शिकवण्यात एमिल पेनो या वाइनतज्ज्ञाचा मोठा वाटा. आज तिथे आंबवणीच्या टाक्यांतली जी शिस्त दिसते ती बऱ्याच अंशी त्यांच्या पिढीची देणगी आहे.

लाकूड कुठून येतं

आता मुख्य भाग. ओकच्या जाती पुष्कळ आहेत, पण फ्रान्समध्ये वाइनच्या पिंपांसाठी प्रामुख्याने दोन वापरतात. एक उंच, सावकाश वाढणारा, बारीक रेषांचा सेसाइल ओक. दुसरा रुंद रेषांचा पेडंक्युलेट ओक, ज्यात टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारा पदार्थ, जास्त आणि सुगंध कमी. लिमुझँ भागातल्या या दुसऱ्या लाकडाची पिंपं कोन्याक ब्रँडीसाठी आवडीची. लाल वाइनवाले पहिल्यासाठी धडपडतात, आणि त्यात आलिए जिल्ह्यातल्या त्राँसेच्या जंगलाचं नाव आदराने घेतात. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने १६७० च्या सुमारास ही जंगलं आरमाराच्या लाकडासाठी राखायला लावली. जहाजं लोखंडाची झाली, झाडं मात्र राहिली. झाडं दाट लावल्यामुळे ती उजेडाच्या ओढीने सरळ आणि सावकाश वाढतात. तोडतात तेव्हा त्यांचं वय दीडशे-दोनशे वर्षांचं असतं.

अमेरिकन ओकचं लाकूड करवतीने कापलं तरी चालतं, कारण त्याच्या नळ्या आतून घट्ट बुजलेल्या असतात. फ्रेंच ओक तसा कापला तर पिंप गळतं. तो रेषेच्या बाजूने फोडावाच लागतो. त्यात ओंडक्याचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा फळ्यांसाठी उपयोगी येतो. फ्रेंच पिंप महाग असण्याचं पहिलं कारण हे.

फोडलेल्या फळ्या मग उघड्यावर रचून ठेवतात. ऊन, पाऊस, बर्फ सगळं अंगावर घेत दोन ते तीन वर्षं. जाडीच्या दर सेंटिमीटरला एक वर्ष असा ढोबळ हिशोब आहे. पावसाने कडवट टॅनिन धुऊन जातं, बुरशी लाकडाच्या आत बारीक काम करते, रचलेल्या थप्पीखाली काळपट पाणी साचतं. भट्टीत चार आठवड्यांत वाळवलेलं लाकूडही कोरडं होतं, पण हिरवट कडूपणा तसाच राहतो. तो नंतर वाइनमध्ये लगेच ओळखू येतो.

पिंप कसं बनतं ते मी पोयाकजवळच्या एका कारखान्यात उभं राहून पाहिलं. तीसेक फळ्या वरच्या बाजूला एका कडीत उभ्या अडकवलेल्या, खाली मात्र फाकलेल्या. या टप्प्याला ते लोक 'गुलाब' म्हणतात, आणि ते खरंच उलट्या धरलेल्या फुलासारखं दिसतं. मध्ये ओकच्याच ढलप्यांची छोटी शेगडी. कारागीर बाहेरून ओल्या फडक्याने फळ्या पुसत होता, आत विस्तव होता, आणि तारेचा फास हळूहळू आवळत लाकूड वाकवत होता. घाई केली तर फळी कडकन मोडते. एकदा आकार आला की खरा भाजण्याचा टप्पा. अर्धा-पाऊण तास. पहिल्यांदा ओल्या लाकडाचा, मग भाजलेल्या पावाचा, मग बदामाच्या चिक्कीसारखा वास आला. त्याने एकदा हात आत घातला, हुंगलं आणि शेगडी काढून घेतली. घड्याळाकडे पाहिलं नाही.

या भाजण्यातच सुगंध ठरतो. लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन तुटून व्हॅनिलिन तयार होतं. साखरेसारखे घटक करपून कॅरॅमल आणि भाजक्या बदामाचा वास देतात. जास्त भाजलं तर धुराचा. ओकमध्ये युजेनॉल असतं, आणि लवंगेच्या तेलातला मुख्य पदार्थही तोच. म्हणजे वाइनला लवंगेचा वास येतो असं कुणी म्हटलं तर ती कविकल्पना नाही, रसायन तेच आहे. ओल्या खोबऱ्यासारखा वास लॅक्टोन नावाच्या पदार्थाचा, आणि तो अमेरिकन ओकमध्ये बराच जास्त असतो.

२२५ लिटर

बोर्दोचं पिंप, म्हणजे बॅरिक, २२५ लिटरचं. त्यात ७५० मिलिलिटरच्या ३०० बाटल्या बसतात, बारा-बाराच्या २५ पेट्या. चार पिंपांचा एक तोनो, ९०० लिटरचा, आणि आजही तिथले व्यापारी भाव तोनोत बोलतात. रिकामं बॅरिक एक माणूस लोटत नेऊ शकतो. शिवाय एवढ्या आकारात वाइनच्या मानाने लाकडाचा पृष्ठभाग जमून येतो: लहान पिंपात लाकूड वरचढ होतं, मोठ्यात मुरण्याला फार वेळ लागतो.

नवं फ्रेंच बॅरिक आठशे-नऊशे युरोंच्या आसपास जातं. ३०० ने भागलं तर बाटलीमागे तीन युरो केवळ लाकडाचे. दहा युरोंच्या बाटलीवर कुणी 'शंभर टक्के नवं ओक' म्हणत असेल तर हा हिशोब करून बघावा. मेदोकमधली वाइन बनवणारी सर्वांत नावाजलेली घरं दरवर्षी सगळी किंवा जवळजवळ सगळी वाइन नव्या पिंपात घालतात, कारण त्यांची द्राक्षं तेवढा भार पेलतात. साध्या पण प्रामाणिक घरांत एक तृतीयांश नवी, बाकीची एक आणि दोन वर्षं वापरलेली पिंपं. माझ्या मते चवीला हेच प्रमाण बहुतेक वेळा जास्त सुखाचं असतं. तीन-चार वापरांत लाकडाची चव जवळजवळ संपते, मुरवण्याची ताकद त्याहून जास्त टिकते.

नवं पिंप आलं की सरळ वाइन ओतायची नाही. दहा-पंधरा लिटर गरम पाणी घाला, बूच लावा, सगळ्या बाजूंनी लोळवा, दोन्ही तोंडांवर काही मिनिटं उभं ठेवा. गळती असेल तर फेसाळ थेंब दिसतात. बहुतेक वेळा लाकूड फुगून ते स्वतःच बंद होतात. पाणी काढून निथळायला ठेवा आणि त्याच दिवशी भरा.

आत काय घडतं

लाकडातून आणि फळ्यांच्या सांध्यांतून प्राणवायू अगदी थेंबाथेंबाने आत येतो. पेल्यात ओतलेल्या वाइनला तासाभरात जेवढा मिळतो, तेवढा इथे कित्येक आठवड्यांत. या संथपणावर सगळं अवलंबून आहे. सुट्या टॅनिनचे कण एकमेकांना आणि लाल रंगद्रव्याला जोडले जातात. रंग पक्का होतो, म्हणजे वर्षानुवर्षं टिकतो. जिभेवर ओरखडणारा तुरटपणा मखमली होत जातो. लाकडातलं स्वतःचं टॅनिन यात पुढाकार घेतं आणि जादा प्राणवायू स्वतःवर घेऊन वाइनला वाचवतं. स्टीलच्या टाकीत हे होत नाही, उघड्या भांड्यात वाइन बिघडते. पिंप या दोहोंच्या मधे बसतं.

अठरा महिन्यांचं काम

बोर्दोत पिंपांची कोठी जमिनीखाली क्वचितच असते. पाण्याची पातळी वर असल्यामुळे ती बहुधा जमिनीवरच, जाड भिंतींची, आणि तिला 'शे' म्हणतात. पोयाकच्या मुतों-रोथशिल्ड या वाइन-घरातली १९२६ सालची शे शंभर मीटर लांब आहे. शेजारच्या लाफितमध्ये रिकार्दो बोफिल या वास्तुकाराने १९८० च्या दशकात गोल शे बांधली. कोठी कशीही असो, १२ ते १६ अंश आणि ७५ ते ८५ टक्के आर्द्रता हवी. हवा कोरडी असली तर पाणी जास्त उडतं आणि अल्कोहोल चढतं. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत हाच प्रश्न येतो: नुसती थंड हवा पुरत नाही, फवारे लावून ओल राखावी लागते.

पहिले सहा महिने बूच काचेचं, वरच्या बाजूला, सैल. आठवड्यातून एक-दोनदा पिंपं भरायची. वर्षाकाठी दोन ते पाच टक्के वाइन अशी उडून जाते. भरायची वाइन त्याच दर्जाची आणि निरोगी असली पाहिजे, नाहीतर एका पिंपाचा रोग दुसऱ्याला आपल्या हाताने लावल्यासारखं होतं. नंतर बूच घट्ट ठोकून पिंप थोडं कुशीवर फिरवतात, म्हणजे बूच वाइनखाली राहतं आणि भरण्याची गरज उरत नाही.

हे काम चुकलं तर काय होतं ते मी पाहिलंय. भारतात परत आल्यावर एका छोट्या वायनरीत दिवाळीच्या सुट्टीला जोडून कोठीत तीन आठवडे कुणी फिरकलं नाही. जबाबदारी माझी होती. परत आल्यावर बूच काढलं तर दोन पिंपांवर पांढरी साय, आणि नखांना लावायच्या पॉलिशसारखा झणका. उडतं आम्ल वाढलेलं. ६०० बाटल्यांची वाइन होती. ती परत मिळवायचा कुठलाही उपाय नसतो. तेव्हापासून मी सुट्टीवर जाताना कोठीची चावी आणि तारखांचा कागद कुणाच्या तरी हातात देऊनच निघतो.

दर तीन महिन्यांनी वाइन गाळावरून काढून स्वच्छ पिंपात घ्यायची. याला सुतिराज म्हणतात. मेदोकमधली जुनी पद्धत अशी: पिंपाच्या तोंडावर खाली एक छोटं भोक असतं, त्याला लाकडी खुंटी. खुंटी काढून तोटी बसवायची, वाइन आपल्या वजनाने खालच्या पिंपात वाहू द्यायची. शेवटी शेवटी पिंप मागून अगदी हळू उचलायचं. एक जण पेला मेणबत्तीसमोर धरून बसतो. धार माणकासारखी लाल असते, ज्योत पलीकडून स्पष्ट दिसते. मग एका क्षणी ज्योतीपुढून धुरासारखी रेघ सरकते. तो "थांब!" म्हणतो आणि तोटी बंद होते. मी ज्याच्या हाताखाली होतो त्याला ती रेघ माझ्याआधी दोन सेकंद दिसायची, हिवाळाभर. रिकाम्या पिंपात लोटाभर गाळ राहतो. तो धुऊन, निथळून, आत पाच ग्रॅम गंधकाची वडी जाळायची. त्याने जंतू आटोक्यात राहतात.

जुन्या पिंपांचा मोठा शत्रू ब्रेटानोमायसिस नावाचं यीस्ट. ते लाकडाच्या आत काही मिलिमीटर शिरून बसतं, वरवर धुऊन निघत नाही, आणि वाइनला घोड्याच्या तबेल्याचा किंवा दवाखान्यातल्या पट्टीचा वास आणतं. काही जुने रसिक त्याला मातीचा गुण म्हणून गौरवतात. मला ते पटत नाही. तो वास मेदोकमध्येही तसाच येतो आणि दिंडोरीतही तसाच, मग त्यात मातीचं काय?

मुरणं संपत आलं की अंड्याचा पांढरा भाग. एका पिंपाला पाच-सहा ताजी अंडी. पांढरा भाग, फेस न करता, चिमूटभर मिठाबरोबर हलका फेटायचा, वाइनमध्ये घालून ढवळायचं, आणि महिना-दीड महिना शांत ठेवायचं. अंड्यातलं प्रथिन सर्वांत ओबडधोबड टॅनिनला धरून तळाला बसतं. बटाट्यासारख्या सौम्य भाजीने तिखट ओढून घ्यावं तसं. उरलेल्या पिवळ्या बलकांतूनच बोर्दोची प्रसिद्ध मिठाई कानले जन्मली, असं तिथे सगळे सांगतात. शाकाहारी ग्राहकांसाठी आता काही घरं वाटाण्याचं प्रथिन वापरतात.

मिश्रण बहुतेक ठिकाणी पहिल्याच हिवाळ्यात होतं. प्रत्येक तुकड्याची, प्रत्येक जातीची वाइन वेगळी चाखायची, मोजपात्रात प्रमाणं बदलून बघायची. घराच्या मुख्य वाइनला साजेसं नसेल ते दुसऱ्या लेबलाखाली जातं. एप्रिलमध्ये व्यापारी आणि समीक्षक पिंपातलीच वाइन चाखून सौदे करतात. बाटलीत ती दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत जात नाही: २०२२ च्या तोडणीची वाइन साधारण २०२४ च्या मध्याला. पूर्वी पिंपंच्या पिंपं बोर्दोच्या व्यापाऱ्यांना विकली जात आणि बाटल्या ते भरत. १९२४ साली फिलिप द रोथशिल्ड यांनी मुतोंची सगळी वाइन घरीच बाटलीत भरायचं ठरवलं. लेबलावर 'मी-झाँ-बुतेय ओ शातो' (वाइनच्या घरीच बाटलीत भरलेली) हे शब्द दिसतात त्यामागे ही गोष्ट आहे.

पेल्यात काय शोधायचं

नव्या बाटलीत रंग गडद जांभळट. वासाला ब्लॅककरंट, जे आपल्याला पिकलेल्या करवंदाच्या आणि जांभळाच्या मधे कुठेतरी वाटतं. त्याखाली पेन्सिल सोलल्यावर येणारा वास. हा कॅबर्ने आणि ओक मिळून तयार होतो आणि पोयाकची जणू ओळखखूण आहे. मग देवदार, तंबाखूचं पान, थोडी लवंग. दहा-पंधरा वर्षांनी कडेला विटकरी छटा येते, फळ मागे सरतं, आणि चामडं, अळंबी, पावसात भिजलेला पाचोळा पुढे येतो.

ओक जमलाय की लादलाय हे ओळखायची माझी पद्धत सोपी आहे. एक घोट घ्या, गिळा आणि दहा सेकंद थांबा. शेवटी तोंडात फळ उरलं आणि लाकडाची चव त्यातच विरली असेल तर काम चांगलं झालंय. व्हॅनिला आणि करपलेला पाव वेगळे तरंगत राहिले, हिरड्या कोरड्या पडल्या, तर वाइन एकतर फार तरुण आहे किंवा तिच्यावर तिच्या कुवतीपेक्षा जास्त लाकूड घातलंय. ओकचे तुकडे टाकीत बुडवून चव आणायला युरोपीय संघाने २००६ मध्ये परवानगी दिली. त्याने वास येतो, पण श्वास घेणाऱ्या लाकडात दीड वर्ष राहून येणारा मऊपणा येत नाही.

घरी उघडताना

फ्रेंच पुस्तकांतलं 'खोलीचं तापमान' म्हणजे १६ ते १८ अंश. आपली खोली ३० ची. म्हणून बाटली उघडण्याआधी फ्रिजमध्ये पाऊण तास ठेवा, नाहीतर अल्कोहोल नाकात जातं आणि बाकी काही कळत नाही. फ्रिजच्या वर किंवा स्वयंपाकघराच्या कपाटात महिनोन्महिने ठेवू नका. एक उन्हाळा पुरतो ती मारायला.

पाच-सात वर्षांपर्यंतची वाइन रुंद भांड्यात ओतून तासभर ठेवली तर तुरटपणा सैल होतो. फार जुनी असेल तर आधी दिवसभर उभी ठेवा आणि वाढायच्या तोंडावरच ओता, कारण उघडल्यावर तिचा सुगंध लवकर मावळतो.

पोयाकला ही वाइन दूधपित्या कोकराच्या मांसाबरोबर पितात. आपल्याकडे मटण जमतं, पण लाल रस्सा नको. तिखट आणि टॅनिन एकमेकांना चिथावतात आणि दोन्ही बोचरे होतात. काळी मिरी, भाजलेला कांदा-खोबरं आणि तुपावर परतलेलं सुकं मटण बेताच्या तिखटाने करा. प्रथिन आणि स्निग्धता टॅनिनला धरून घेतात, जसं पिंपात अंड्याने धरलं होतं.

ओतताना बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती किंवा मोबाइलचा दिवा ठेवा. बोर्दोच्या बाटलीला चौकोनी खांदे आहेत, गाळ तिथे अडकतो. धार लाल आणि स्वच्छ येत राहील, मग मानेत धुरासारखी रेघ सरकेल. तिथे हात थांबवा आणि खालचा दोन बोटं गाळ बाटलीतच राहू द्या.